अनुदान कागदाला की कष्टाला?

जून उजाडला की माझ्याकडे कागद यायला लागतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात, उर्दू माध्यमाच्या शाळेत मी शिकवतो. उर्दू शिकवतो आणि मराठीही. आमच्या मोहल्ल्यातल्या बहुतेक पालकांचं शिक्षण उर्दूतून झालेलं, तेही सातवी-आठवीपर्यंत. सरकारी कागद मात्र मराठीत असतात, आणि त्या मराठीत ‘विहित नमुना’, ‘सक्षम प्राधिकारी’, ‘अनुज्ञेय रक्कम’ असे शब्द असतात, जे घरी मराठी बोलणाऱ्यांनाही अडवतात. मग “सर, जरा वाचून द्या” म्हणत लोक शाळेच्या व्हरांड्यात थांबतात. मी वाचतो, कोकणीत समजावतो, अर्ज भरून देतो. वीस वर्षं हे काम करतो आहे. त्याचे पैसे कधी घेतले नाहीत, पण त्यातून जे शिकलो ते बीएडच्या कुठल्याच पेपरात नव्हतं.

२०२५ च्या जूनमध्ये शाळा उघडून दोनच दिवस झाले होते. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई आली. तिचा नवरा ट्रॉलरवर खलाशी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे ६१ दिवस बोट किनाऱ्यावर आणि नवरा घरात. ती स्वतः ओहोटीला खाडीत उतरून कालवं आणि तिसऱ्या काढते, बाजारात वाटा लावून विकते. पावसात तेही अवघड होतं. तिने विचारलं, “सर, मच्छीमारांना आता शेतकऱ्यांसारखं सगळं मिळणार असं टीव्हीवर सांगतायत. आमचा फॉर्म कुठे भरायचा?”

तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला होता. मी तिला बसवलं आणि निर्णयात काय आहे ते वाचलं. शेतीच्या दराने वीज. शेतकऱ्यांसारखं किसान क्रेडिट कार्ड आणि सवलतीच्या व्याजाचं कर्ज. विमा. सगळ्या चांगल्या गोष्टी. अनेक वर्षांची मागणी होती, ती मान्य झाली, आनंदच आहे. पण वीज सवलत कुणाला? ज्याचं तळं आहे, बर्फाचा कारखाना आहे, शीतगृह आहे त्याला. कर्ज कुणाला? ज्याच्याकडे बँकेला दाखवायला बोट, परवाना किंवा तळ्याचा करार आहे त्याला. या बाईच्या घरात यातलं काहीच नव्हतं. तिच्याकडे होती एक टोपली, एक कोयता आणि नवऱ्याचे दोन हात. “तुमचा फॉर्म यात नाही” हे मला तिला सांगावं लागलं. ती काही बोलली नाही. मुलाच्या डोक्यावरून हात फिरवून निघून गेली.

त्या दिवसापासून मनात घोळत असलेली गोष्ट आज लिहितो आहे. आपल्याकडे शेती आणि मासेमारीची सरकारी मदत कष्ट करणाऱ्याला मिळत नाही, कागदावर नाव असणाऱ्याला मिळते. दोघं एकच असतील तर प्रश्न नाही. पण आमच्या कोकणात ते फार वेळा वेगळे असतात. आणि ते वेगळे होण्यात सरकारचा जितका हात आहे तितकाच आपलाही आहे. दुसरा भाग लिहायला जड जाणार आहे, कारण त्यात मी स्वतः आहे.

आधी सरकारचा भाग. सगळ्यांना माहीत असलेली योजना म्हणजे पीएम किसान. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते, थेट खात्यात. २०२३ मध्ये राज्याने ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’ आणला, आणखी ६,०००. एकूण १२,०००. मधला दलाल गेला, ही मोठी गोष्ट आहे आणि ती मान्य केलीच पाहिजे. पण ‘शेतकरी’ कोण याची व्याख्या काय? ज्याच्या नावावर लागवडीयोग्य जमीन आहे तो. तीही १ फेब्रुवारी २०१९ या तारखेला. त्यानंतर जमीन विकत किंवा बक्षीस मिळाली तर या योजनेसाठी ती धरत नाहीत. खातेदार वारल्यामुळे वारसाहक्काने नाव लागलं तर मात्र धरतात. म्हणजे मुंबईत चाळीस वर्षं राहणाऱ्या माणसाचं नाव सातबाऱ्यावर असेल तर तो शेतकरी. त्याच्या जमिनीत चिखलणी करणारा, लावणी करणारा, झोडणी करणारा माणूस शेतकरी नाही. अर्धेलीने करणारा नाही, खंडाने करणारा नाही, मजूर तर नाहीच. आता शेतकरी ओळख क्रमांकही आला आहे, १५ एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या कृषी योजनांसाठी तो सक्तीचा झाला. तो क्रमांकही जमिनीच्या नोंदीलाच जोडलेला.

आंबा घ्या. आमच्या भागात कितीतरी मुसलमान कुटुंबं कलमांच्या बागा कराराने घेतात. मालक पुण्या-मुंबईत. फवारणी, राखण, काढणी, पेट्या, सगळं करारदाराचं. मोहोर जळाला, अवकाळी पाऊस आला, वानरांनी फळ पाडलं, तर नुकसानही त्याचंच, कारण कराराचे पैसे तो आधीच देऊन बसलेला असतो. पण पंचनामा होतो सातबारा बघून. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकलं तेव्हा रायगडपासून आमच्या दापोली-मंडणगडपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढे सरकारने झाडाप्रमाणे भरपाई ठरवली: नारळाच्या झाडाला २५० रुपये, सुपारीच्या झाडाला ५० रुपये. पन्नास रुपयांत पोफळीचं पडलेलं खोड उचलून टाकायची मजुरीसुद्धा निघत नाही. पण रकमेचा वाद बाजूला ठेवला तरी ती रक्कम जमीन ज्याची त्याची. वाडी मक्त्याने घेतलेल्या माणसाच्या हाती फक्त पडलेली झाडं.

आता दर्या. दालदी असोत, कोळी असोत, भंडारी असोत, गाबीत असोत, किनाऱ्यावरचा हिशेब सगळ्यांचा सारखाच. यांत्रिक बोटींना राज्य सरकार डिझेलवरच्या कराचा परतावा देतं. पद्धत अशी की बोटमालकाने आधी पूर्ण भावाने डिझेल घ्यायचं, मच्छीमार सहकारी सोसायटीमार्फत हिशेब द्यायचा, मग परतावा जमा व्हायचा. तो महिनोन्महिने थकतो, हे दरवर्षीचं रडगाणं आहे आणि ते खरं आहे. बोटमालकाचे हाल मी नाकारत नाही. त्यांच्यातले बरेच जण कर्जात बुडालेले आहेत.

पण त्या खलाशाने एकदा मला वाट्याचा हिशेब समजावून सांगितला. आमच्या बंदरातल्या बऱ्याच बोटींवर खलाशाला ठरलेला पगार नसतो, वाटा असतो. मासळी विकली की त्यातून आधी डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च काढायचा. उरलेल्यातून बोटीचा भाग, मग तांडेलाचा, मग खलाश्यांचे वाटे. तो म्हणाला, “सर, डिझेल कापताना पुरा भाव कापतात. परतावा सहा महिन्यांनी येतो. तोपर्यंत कुठला खलाशी कुठल्या बोटीवर, कोण लक्षात ठेवतं?” मी त्याच्याकडे बघतच राहिलो. पंधरा वर्षं मी सोसायटीच्या लोकांना अर्ज लिहून देतोय, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. कराचा भार मालक आणि खलाशी दोघांनी मिळून उचलला, परतावा एकाच्याच खात्यात गेला. यात कुणी चोरी केली असं नाही. नियमानुसारच झालं. पण त्या नियमात खलाशी नावाचा माणूसच नाही.

आणखी एक गोष्ट. परतावा लिटरवर मिळतो. जितकं मोठं इंजिन, जितकं जास्त डिझेल, तितकी जास्त मदत. खाडीत जाळं टाकणाऱ्या वल्ह्याच्या होडीला शून्य. कालवं काढणाऱ्या बाईला शून्य. मोठ्या इंजिनांनी किनाऱ्याजवळची मासळी संपवली म्हणून पारंपरिक मच्छीमार ओरडत होते, त्यातूनच सोमवंशी समिती आली आणि ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन जाळ्यांवर बंधनं आली, सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम ठरला. म्हणजे एका हाताने सरकार सांगतं की दर्यावर ताण येतोय, कमी करा. दुसऱ्या हाताने जो जास्त डिझेल जाळतो त्याला जास्त देतं. हे सांगताना मला भीती वाटते, कारण पर्ससीनवाल्यांतही आपले लोक आहेत आणि पारंपरिकांतही आपलेच आहेत. जमातीत दोघं एकाच सफेत उभे राहतात. पण म्हणून हिशेब बदलत नाही.

इथे माझे स्टाफरूममधले मित्र म्हणतात, “सर, हे फुकटचं वाटपच बंद केलं पाहिजे. लोक आळशी होतात.” मी त्यांना फळ्यावरचं गणित सांगतो. ६,००० ला ३६५ ने भागा. दिवसाला १६ रुपये ४४ पैसे. राज्याचे धरले तर ३३ रुपयांच्या आत. एवढ्यात कुणी आळशी होऊन दाखवावं. आणि दुसऱ्या देशांकडे बघायचं तर जून २०२२ मध्ये जिनिव्हाला जागतिक व्यापार संघटनेची परिषद झाली, तिथे मासेमारीच्या अनुदानांवर करार झाला. भारताने तिथे मांडलं की आमच्याकडे एका मच्छीमार कुटुंबामागे वर्षाला जेमतेम १५ डॉलर मदत जाते, आणि काही श्रीमंत देशांत ती ४२,००० पासून ७५,००० डॉलरपर्यंत जाते. हा करार सप्टेंबर २०२५ मध्ये लागू झाला. भारताने अजून तो स्वीकारलेला नाही. छोट्या मच्छीमारांना सांभाळायला आम्हाला वेळ हवा, ही भारताची भूमिका मला पटते. पण मग एक प्रश्न आपल्याच सरकारला विचारावा लागतो: जिनिव्हात ज्या गरीब मच्छीमाराचं नाव घेऊन आपण भांडतो, तो आपल्या स्वतःच्या योजनेत कुठे आहे?

तो अगदीच नाही असंही नाही. केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत बंदीच्या काळासाठी एक सोय आहे. मच्छीमाराने वर्षभरात १,५०० रुपये साठवायचे, सरकार ३,००० घालतं, आणि मंदीच्या तीन महिन्यांत दरमहा १,५०० परत मिळतात. त्यातले एक तृतीयांश त्याचेच. त्याच योजनेत अपघात विमा आहे, दर्यात जीव गेला तर घरच्यांना ५ लाख, हप्ता पूर्ण सरकारचा. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मत्स्यव्यवसायासाठी डिजिटल नोंदणी सुरू केली, त्यात बोट नसलेले कामगार आणि मासे विकणाऱ्याही नाव नोंदवू शकतात. आमच्या मोहल्ल्यात मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी एकालाही यातलं काही माहीत नव्हतं. मलाही त्या बाईच्या प्रश्नानंतरच शोधावं लागलं, हे कबूल करतो. तिचा आणि तिच्या नवऱ्याचा अर्ज मग मीच मोबाइलवर भरला.

मनात आणलं तर सरकार बिनबोटीच्या माणसालाही मोजू शकतं, याचीही उदाहरणं आहेत. २०१९ च्या क्यार आणि महा वादळांनंतर राज्याने २०२० मध्ये मच्छीमारांसाठी सुमारे ६५ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात रापणकर संघांच्या सदस्यांचा विचार होता, बिगरयांत्रिक होड्यांचा होता, आणि मासे विकणाऱ्या बायकांना शीतपेट्या देण्याचाही होता. तमिळनाडूत बंदीच्या ६१ दिवसांसाठी मच्छीमार कुटुंबाला थेट रक्कम मिळते. ५,००० ची ती रक्कम ८,००० करण्याची घोषणा तिथल्या सरकारने २०२३ मध्ये केली. तिथे बोट कुणाची हे विचारत नाहीत, दर्यावर कोण जातं हे विचारतात. महाराष्ट्राला हे जमणार नाही असं मला वाटत नाही.

इथपर्यंत वाचून माझे काही वाचक म्हणतील, “सर, आपल्याला मिळत नाही कारण आपण मुसलमान आहोत.” कचेरीत नाव वाचल्यावर चेहरा बदलणारे लोक मीही पाहिले आहेत, भेदभाव नाहीच असं म्हणणार नाही. पण पीएम किसानचा हप्ता अडतो तो बहुतेक वेळा वारसनोंद नाही, आधार जोडलेलं नाही, केवायसी नाही, आधारवर एक स्पेलिंग आणि सातबाऱ्यावर दुसरं, या कारणांनी. उर्दूत एकच असलेलं नाव मराठीत तीन तऱ्हेने लिहिलं जातं. आजोबा ‘इस्माईल’, सातबारा ‘इस्मायल’, बँक ‘इस्माइल’. यात कुणाचा कट नाही. आपलं दुर्लक्ष आहे. आखातातून पैसे येत होते तोवर सातबाऱ्याकडे बघायची कुणाला गरज वाटली नाही. पणजोबाच्या नावावरची जमीन तशीच राहिली, खाली चाळीस वारस झाले, त्यातले दहा मुंब्र्यात, पाच कुवेतला. आज एखाद्याला नाव लावायचं म्हटलं तर त्या चाळिसांचे पत्ते शोधण्यापासून सुरुवात.

आणि दुर्लक्षापेक्षा वाईट अशीही एक गोष्ट आपण केली आहे.

२००४ साली माझं बीएड नुकतंच झालं होतं. दादा वारून वर्ष झालं होतं, दादी त्याआधीच गेली होती. मागे अब्बा, चाचा आणि फुफी. जमीन एक एकर, म्हणजे ४० गुंठे, भाताची. शरीयतचा हिशेब साधा आहे: मुलाला दोन भाग, मुलीला एक. दोन भाऊ, एक बहीण, एकूण पाच भाग. फुफीचा एक पंचमांश, ८ गुंठे. हा हिशेब मी मुलांना अपूर्णांक शिकवताना उदाहरण म्हणूनसुद्धा दिला आहे. पण घरात तसं झालं नाही. हक्कसोडपत्र तयार झालं. फुफी विधवा होऊन माहेरी परत आलेली, तीच त्या शेतात राबत होती. तिला मराठी वाचता येत नव्हतं. घरात शिकलेला मी. अब्बांनी सांगितलं, “वाचून दाखव तिला.” मी वाचलं. ‘माझा हक्क, हितसंबंध मी स्वखुशीने सोडत आहे’ असा मजकूर होता. तिने एवढंच विचारलं, “सही कुठे करू?” मी बोट ठेवून जागा दाखवली.

कुणी तिला दमदाटी केली नाही. भावांनी तिला कधी उपाशी ठेवलं नाही. आपल्याकडे असंच असतं: बहीण हिस्सा मागत नाही, आणि न मागणं हाच तिचा चांगुलपणा समजला जातो. नमाजात कोपर कुठे टेकवायचं यावर आपण तास तास वाद घालू, पण कुराणाने ठरवून दिलेला बहिणीचा हिस्सा एका सहीने सोडवून घेताना आपल्याला काही खटकत नाही. तेव्हा मलाही खटकलं नाही.

२०१९ मध्ये पहिला २,००० चा हप्ता आला. अब्बांच्या खात्यात आला. चाचांच्या खात्यात आला. चाचा पंचवीस वर्षं मुंब्र्यात, शेताचा बांध कुठून कुठे जातो हे त्यांना आठवतही नसेल. त्या वर्षी लावणी फुफीने केली होती, दोन बायका मजुरीला घेऊन. तिने मला विचारलं, “ते दोन हजार मलापण येतील का रे?” तोवर मी मोहल्ल्यात शंभर लोकांचे अर्ज भरले होते. तिचा भरता आला नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं, आणि ते काढायचा कागद मीच वाचून दाखवला होता.

अब्बांना ही गोष्ट शेवटपर्यंत लागून राहिली. ते हप्ता आला की काढून फुफीच्या हातात द्यायचे. २०२१ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. वारसनोंदीची वेळ आली तेव्हा माझ्या दोन्ही बहिणी म्हणाल्या, “आमचं नाव कशाला?” या वेळी मी ऐकलं नाही. दोघींची नावं लागली. मी स्वतः पगारदार, आयकर भरतो, मला ही योजना लागू नाही आणि नकोही. माझा हिस्सा फुफीच्या नावे हिबा करतो म्हटलं. त्याने पीएम किसान मिळणार नाही, ती तारीख गेली. पण उद्या वादळ आलं, पंचनामा झाला, दुसरी एखादी योजना आली, तर तिचं नाव कागदावर असेल.

आपल्या फिकहमध्ये शेतीच्या जकातीला उश्र म्हणतात. पावसाच्या पाण्यावर पिकलं तर दहावा भाग द्यायचा, आणि मोट-रहाटाने, मेहनतीने पाणी देऊन पिकवलं तर विसावा. जमीन तेवढीच, धान्य तेवढंच, पण मेहनत आणि खर्च जास्त म्हणून देणं निम्मं. चौदाशे वर्षांपूर्वी कष्ट हिशेबात धरायची ही रीत होती. आज संगणक आहे, आधार आहे, उपग्रहावरून शेताचा फोटो येतो, आणि तरी कष्ट मोजता येत नाहीत म्हणणं मला पटत नाही.

म्हणून सरकारकडे मागणं तीन गोष्टींचं. एक, बंदीच्या दोन महिन्यांत मदत माणशी द्या, बोटीमागे नको. खलाशी, खाडीत उतरणारी बाई, मासे विकणारी, सगळ्यांना. दोन, डिझेल परताव्यात खलाश्याचा वाटा नियमात लिहा, आणि लहान होडीला शून्य देणारा हिशेब बदला. तीन, नुकसानभरपाईत कसणाऱ्याची, करारदाराची नोंद घ्या. पीकपाहणीला शेतात कोण उभं आहे ते दिसतंच.

आणि जमातीकडे मागणं दोन गोष्टींचं. जुम्याच्या नमाजनंतर चंद्याची घोषणा होते तशी महिन्यातून एकदा कागदांची बैठक ठेवा: वारसनोंद, आधार, केवायसी, मत्स्यव्यवसायाची नोंदणी. आमच्याकडे शिकलेली मुलं-मुली आता आहेत, वीस वर्षांपूर्वीसारखा एकटा मास्तर नाही. आणि हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घ्यायच्या आधी जमातीतल्या जाणत्यांनी तिला एकटीला बसवून विचारावं, तुला खरंच सोडायचा आहे का, आणि काय सोडते आहेस ते तुला कळलं का.

शेवटी एक शब्दाची गोष्ट, कारण मी भाषेचा मास्तर. सरकारी कागदात घेणाऱ्याला ‘लाभार्थी’ म्हणतात. लाभाची इच्छा धरणारा. हात पसरलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. आपल्याकडे दुसरा शब्द आहे, ‘हक्कदार’. तो उर्दूतही आहे आणि मराठीतही, मुलांना मला वेगळा समजावावा लागत नाही. मी अर्ज भरून देताना आता लोकांना हाच शब्द सांगतो.

मागच्या महिन्यात हिब्याचे कागद करायला फुफीला तालुक्याला नेलं. तिचं वय सत्तरच्या पुढे. वाटेत म्हणाली, “आता या वयात माझं नाव लावून काय करतोस?” मी काही बोललो नाही. कचेरीत कागद समोर आला तेव्हा तिने मला थांबवलं. “आधी पुरा वाच,” म्हणाली. “आणि हळूहळू वाच.” मी सगळा वाचला. मग तिने सही केली.